'पेशी विभाजन' की 'पेशी विलगीकरण'? (आणि 'फेज'ला काय म्हणायचं?)

टिपणवही: पेशींच्या मिश्रणातून एका प्रकारच्या पेशी वेगळ्या काढण्याबद्दलचा अनुवाद तपासायला आलाय. एक पद्धत विद्युत् क्षेत्राची, दुसरी दोन बहुवारिकांच्या (पॉलिमर, लांब साखळीचे रेणू) पाण्यातल्या द्रावणांची. अनुवादात सगळीकडे 'पेशी विभाजन' आहे. हे चालेल? 'पार्टिशन' आणि 'फेज' यांनाही शब्द हवेत.

परीक्षानळी: अजिबात नको. पेशी विभाजन म्हटलं की सूत्री, अर्धसूत्री. म्हणजे एका पेशीच्या दोन होणं. इथे एकही पेशी दुभंगत नाही. 'विलगीकरण' घ्या. 'पृथक्करण'ही टाळा, रसायनवाल्यांना ते विश्लेषण वाटतं. पार्टिशनला 'वितरण': मिसळलेला पदार्थ दोन द्रवांत कसा वाटला जातो ते. स्वीडनच्या पेर-ओके आल्बर्टसन यांनी 1950च्या दशकात ही पद्धत पेशी आणि पेशीतल्या कणांसाठी बसवली.

शुद्धलेखू: पाण्यातली दोन द्रावणं एकमेकांत मिसळत कशी नाहीत? अनुवादात 'पाणी व तेलाप्रमाणे' आहे.

परीक्षानळी: ते वाक्य काढा. तेल असतं तर पेशींना ते मानवलं नसतं. दोन्ही थरांत बहुतांश पाणीच असतं, म्हणून तर पद्धत चालते. ती दोन बहुवारिकं म्हणजे पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि डेक्स्ट्रान (शर्करेच्या साखळ्यांचं). पीईजी वर जातं, डेक्स्ट्रान खाली बसतं. नेहमीचं प्रमाण वजनाने 5 टक्के डेक्स्ट्रान (रेणुभार सुमारे 5 लाख) आणि 4 टक्के पीईजी 8000 (आकडा रेणुभाराचा).

100 ग्रॅमसाठी: 20 टक्क्यांचं डेक्स्ट्रान द्रावण 25 ग्रॅम, 40 टक्क्यांचं पीईजी 10 ग्रॅम, 0.44 मोलरचं सोडियम फॉस्फेट (सामू 6.8) 25 ग्रॅम, पाणी 40 ग्रॅम. डेक्स्ट्रान तोलून घ्या, पिपेटने नको. ते चिकट असतं, पिपेटच्या भिंतीला राहून जातं. शिवाय पावडरमध्ये 5 ते 10 टक्के ओलावा असतो, म्हणून पावडरच्या वजनावर विसंबू नका. द्रावणाची तीव्रता ध्रुवणमापीने (द्रावण प्रकाशाचं ध्रुवण किती वळवतं ते मोजणारं उपकरण) पक्की करा.

मिश्रण हलवून विलगक नरसाळ्यात ठेवा, थर स्वच्छ झाले की वेगळे काढा. मग दोन्ही थर समान घेऊन त्यात पेशी घाला, नळी 20-30 वेळा उलटीसुलटी करा, उभी ठेवा आणि वरच्या थरातल्या पेशी मोजा. सगळं एकाच तापमानाला. तापमान बदललं की थरांची घडण बदलते, आणि प्रमाण क्रांतिक बिंदूजवळ (जिथे दोन थरांतला फरकच मिटतो) असेल तर थर पडायला फार वेळ लागतो.

टिपणवही: मग 'वितरण गुणांक' (दोन थरांतल्या तीव्रतांचं गुणोत्तर) लिहू?

परीक्षानळी: प्रथिनांसाठी लिहा. पेशींसाठी नको. त्या सहसा वरच्या थरात असतात किंवा दोन थरांच्या सीमेवर चिकटतात, खालच्या थरात क्वचितच. म्हणून 'वरच्या थरातल्या पेशींची टक्केवारी'. अनुवादकाने 'आंतरपृष्ठ' वापरलंय ते बरोबर आहे, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'दोन थरांमधली सीमा' असं फोड करून लिहा.

शुद्धलेखू: यात वीज कुठे आली?

विद्युत्‌_घट: दोन ठिकाणी. एक, द्रावणातल्या क्षारात. फॉस्फेट खालच्या थरात जास्त जातं, त्यामुळे वरचा थर काही मिलिव्होल्टने धन होतो. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार, म्हणून त्या वर चढतात. फॉस्फेटऐवजी मुख्यतः साधं मीठ (0.15 मोलर) घेतलं की हा फरक जवळजवळ जातो आणि त्या बहुतांशी सीमेवरच राहतात.

दुसरं, बाहेरून दिलेलं क्षेत्र. 'इलेक्ट्रोफोरेसिस'ला (विद्युत् क्षेत्रात भारित कण सरकणं) 'विद्युत् संचारण' ठीक. माणसाच्या तांबड्या पेशीची गतिशीलता साधारण 1.08 मायक्रोमीटर प्रति सेकंद, दर व्होल्ट प्रति सेंटिमीटरला. 10 व्होल्ट प्रति सेंटिमीटरला मिनिटात सुमारे 650 मायक्रोमीटर. ऐकायला छान, पण रक्ताइतक्या खारट द्रावणात वाहकता सुमारे 15 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, म्हणजे दर घन सेंटिमीटरला दीड वॅट उष्णता. दर सेकंदाला सुमारे 0.36 अंशाने तापमान चढतं, प्रवाह फिरू लागतात आणि वेगळ्या झालेल्या पेशी परत मिसळतात. म्हणून वाहकता 1 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास आणतात आणि परासरण दाब साखरेने भरून काढतात, नाहीतर पेशी फुगून फुटतात. इलेक्ट्रोड पडद्यामागे ठेवतात, बुडबुडे आत येऊ नयेत म्हणून.

क्षेत्र थर पडण्याची गतीही वाढवतं. फॉस्फेट असलेल्या मिश्रणात एका द्रवाचे थेंब दुसऱ्यात सरकतात, आणि थेंब जेवढा मोठा तेवढा वेग जास्त. दिशा चुकली तर मात्र थेंब परत मिश्रणातच ढकलले जातात.

टिपणवही: राहिला 'फेज'. 'थर' पुरे ना?

शुद्धलेखू: आत्ताच वर थेंब म्हणालात. नळी हलवल्यावर थर नसतात, तरी फेज दोन असतात. व्याख्येत 'प्रावस्था' (सगळीकडे सारखी घडण असलेला भाग) लिहा. कृतीत 'वरचा थर', 'खालचा थर'. चंद्राच्या 'कला' कुठूनतरी घुसल्या असतील तर त्या शोधून काढा.

टिपणवही: दोन ठिकाणी सापडल्या. काढते.