प्रोटीन बिस्किटं आणि शेंगदाणे
काही जण म्हणतात की आपल्या जेवणात प्रोटीनच नसतं, म्हणून पोरांना प्रोटीन बिस्किटं द्या, हे मला अजिबात पटलं नाही. पुड्याची मागची बाजू वाचा ना, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे आणि बऱ्याचदा पहिलाच असतो मैदा, मग साखर, पुड्याच्या पुढच्या बाजूला मात्र मोठ्ठ्या अक्षरात प्रोटीन! १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, हुलग्यात २० च्या आसपास. इथं सांगलीत कुठल्याही किराणा दुकानात मिळतं हे, पण हुलग्याची जाहिरात कोण करणार? २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीसारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका, तरी आमच्या गल्लीत दुधात चमचा-चमचा ती चॉकलेटी पावडर चालूच आहे आणि भाकरीबरोबर दाण्याची चटणी दिली की पोरं नाक मुरडतात, याचा खरंच त्रास होतो मला.