विषय: कॅथलिक शाळेचे किंडरगार्टन – शुक्रवारपर्यंत सही करायची आहे

प्रेषक: मृणाल

सर्वांना सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या कोजागरीच्या रात्री इथल्या ज्या कॅथलिक शाळेविषयी बोलणे झाले होते, तिथे ओवीला किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली आहे आणि फॉर्म व अनामत रक्कम शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. अडचण दुसऱ्या पानावर आहे. रिलिजनच्या तासाला आणि आठवड्याच्या मासला (चर्चमधल्या विधीला) प्रत्येक मूल उपस्थित राहील, त्यातून सवलत मिळणार नाही, असे तिथे छापले असून त्याखाली पालकांची सही हवी आहे. ह्यांच्या मते सही करून मोकळे व्हावे. सासूबाई कालपासून माझ्याशी मोजकेच बोलत आहेत. पाच वर्षांच्या मुलीला त्या तासाला नेमके काय शिकवतात, हे ज्यांची मुले तिथे गेली आहेत त्यांनी कृपया लिहावे.

मृणाल

---

प्रेषक: स्मिता

प्रिय मृणाल,

आमची सई त्याच वर्गात होती. दिवसाचा बहुतेक भाग इतर कोणत्याही शाळेसारखाच जातो: फोनिक्स (अक्षरांचे ध्वनी), साइट वर्ड्‌स (पाहताक्षणी ओळखायचे शब्द), शंभरापर्यंत एकेक आणि दहादहा करून मोजणे, दहाच्या आतली बेरीज-वजाबाकी, कात्री धरणे, रांगेत उभे राहणे. रिलिजनचा तास अर्ध्या तासाचा असे. देवाने सृष्टी कशी निर्माण केली, नोहाची नौका, हरवलेले मेंढरू अशा गोष्टी, आणि आभार मानायला, चूक कबूल करायला, डब्यातले वाटून खायला शिकवणे, एवढाच त्याचा ऐवज होता. प्रार्थना मात्र पाठ होतात. क्रुसाची खूण शिकवताना बाई मुलांकडे तोंड करून मुद्दाम डाव्या हाताने करीत, म्हणजे समोरची मुले आरशात पाहिल्यासारखी उजव्या हाताने करतील. सईने ही खूण घरी आल्यावर आरतीच्या आधी केली, तेव्हा माझे सासरे क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "आता टाळ घे."

वर्षाची चाकोरी सणांची असते. एक नोव्हेंबरला संतांचा दिवस म्हणून सई असिसीचे संत फ्रान्सिस झाली होती. जुन्या तपकिरी ब्लँकेटचा झगा आणि कमरेला तीन गाठींची दोरी. नाताळच्या आधीचे चार आठवडे वर्गात हिरव्या वर्तुळावर मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी; गुलाबी तिसऱ्या आठवड्यातच लावतात, याबद्दल तिने मला दोनदा दुरुस्त केले.

स्मिता

---

प्रेषक: वसंतराव

स्नेही सभासदहो,

येथे एक गफलत होते आहे, ती दूर करणे मी माझे कर्तव्य समजतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात कॉन्व्हेंट म्हटले की पुण्या-नागपूरची शाळा असते. मी तशाच शाळेत शिकलो. ख्रिस्ती मुले कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जात आणि आम्ही उरलेले मॉरल सायन्सच्या वर्गात बसत असू, ज्यात पेन्सिल परत करणाऱ्या मुलाची गोष्ट दरवर्षी यायची. भारतीय राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणासाठी पालकांची संमती लागते. अमेरिकेतली ही शाळा खाजगी आहे. येथील सर्वोच्च न्यायालयाच्या 1962 च्या निकालानंतर सरकारी शाळा मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ शकत नाही. आणि 1925 च्या निकालाने पालकांना खाजगी शाळा निवडण्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क आपण वापरत असू, तर त्या शाळेने स्वतःचा धर्म शिकवू नये असे म्हणता येणार नाही. मृणालताई, फॉर्मवरची सही हीच तुमची संमती आहे, म्हणून ती औपचारिक बाब समजू नये.

वसंतराव

---

प्रेषक: सुलभाताई (बालशाळा)

नमस्कार,

स्मिताने एक गोष्ट सांगितली नाही, म्हणून मला लिहावे लागते आहे. त्या शाळेच्या नाताळच्या नाटुकल्याच्या तालमी शनिवारी सकाळी असतात आणि शनिवारी सकाळी आपली मराठीची बालशाळा असते. गेल्या डिसेंबरमध्ये माझ्या वर्गातले दोन मेंढपाळ आणि एक देवदूत सलग तीन शनिवार गैरहजर होते. फोनिक्सविषयी माझी तक्रार नाही. उलट ध्वनीपासून अक्षराकडे जाण्याची सवय लागलेली मुले क, म, ल चटकन उचलतात. केवळ हजेरीबाबत पालकांनी आधीच ठरवावे.

सुलभा

---

प्रेषक: ग्रेसी

नमस्कार,

वसंतकाकांचे म्हणणे बरोबर आहे, पण मास हा तास नाही, ती उपासना आहे. मी वसईची; आम्ही तिला मिस्सा म्हणतो आणि गावी ती मराठीतच होते, म्हणून माझ्या लेकाला इथल्या शाळेत इंग्रजीतली "आमच्या बापा" ही प्रार्थना परकी वाटली, ही गंमत वेगळी. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला कोणी ख्रिस्तप्रसाद (मिस्सामधली पवित्र भाकर) देत नाही. आमच्या चर्चमध्ये अशी मुले छातीवर हातांची फुली करून फादरांपुढे जातात आणि ते आशीर्वाद देतात. जायचे नसेल तर बाकावर बसून राहिले तरी चालते.

मृणाल, किंडरगार्टनची काळजी करू नकोस. विचार दुसरीचा कर. त्या वर्षी पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी असते आणि वर्गातल्या मुलींच्या तोंडी महिनोन्‌महिने पांढऱ्या झग्याचाच विषय असतो. ओवीला त्या रविवारी काय सांगायचे, ते तुम्ही दोघांनी आत्ताच बोलून ठेवा.

ग्रेसी

---

प्रेषक: खजिनदार

ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे, याची नम्र आठवण. तरीही ग्रेसीताईंना एक विचारतो: लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या) शुक्रवारी डब्यात मांस नको, पण मासे चालतात, हे खरे का? असल्यास आम्हा मालवणी लोकांना त्यात उपास कुठला ते समजत नाही.

---

प्रेषक: ग्रेसी

खरे आहे. आणि तो नियम चौदा वर्षांपासून पुढे लागतो, त्यामुळे ओवीच्या डब्याला नियमाने तरी बाधा नाही.

---

प्रेषक: मृणाल

सर्वांचे आभार. काल मी मुख्याध्यापिकांना भेटून आले. ओवी मासला वर्गाबरोबर बसेल. पुढे जायचे की बाकावर राहायचे ते आम्ही ठरवायचे आहे. दुसरीविषयी विचारताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न बहुतेक पालक दुसरीत पोचल्यावरच विचारतात. सासूबाईंना मी वसंतकाकांचे पत्र वाचून दाखवले. संमती आपली आहे, कोणी लादलेली नाही, हे त्यांना पटले. फक्त शनिवार बालशाळेचाच राहील, ही त्यांची अट आहे. सुलभाताई, ती मी मान्य केली आहे.

फॉर्म दिला आहे. आता गणवेशाचे: निळ्या चौकडीचा पिनाफोर, पाच नंबरचा, कोणाकडे पडून असेल तर कळवावे. दुकानातली किंमत पाहून मी परत आले.

मृणाल

---

प्रेषक: स्मिता

सईचा आहे. खिशाला जांभळ्या मेणाचा डाग आहे, तो निघाला नाही. रविवारी हॉलवर घेऊन येते.