मदत हवी आहे: १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणाऱ्या बक मॉड्यूलवर हिशेबाच्या तिप्पट रिपल (आउटपुटवरची लहर)

मंडळी, नमस्कार.

१२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर एक छोटं सर्किट चालवायचं आहे. त्यात ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर), लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याचं वाचन आकड्यांत आणणारी एचएक्स७११ चिप, शिवाय ५ व्होल्टची एलईडी पट्टी. सगळं मिळून साधारण १.२ अँपिअर. लिनिअर रेग्युलेटर लावला तर आठ वॅटच्या वर नुसती उष्णता, म्हणून एलएम२५९६ चं तयार स्टेप-डाउन मॉड्यूल घेतलं. व्होल्टेज जुळवायचा निळा ट्रिमपॉट, १०० आणि २२० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर आणि वर '३३०' छापलेला इंडक्टर, म्हणजे ३३ मायक्रोहेन्री.

मल्टिमीटरवर ५.०२ व्होल्ट, आकडा जरासुद्धा हलत नाही. पण पट्टी पूर्ण उजेडावर गेली की वजनाची वाचनं नाचायला लागतात. स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला तर आउटपुटवर सुमारे १८० मिलिव्होल्टची त्रिकोणी लहर दिसते आणि तिच्या प्रत्येक टोकावर सुईसारखे काटे. त्याच वायरिंगला बेंच सप्लायवरून ५ व्होल्ट दिले की वाचनं गपगार, त्यामुळे संशय मॉड्यूलवरच आहे.

कोड्यात टाकतोय तो हिशेब. डेटाशीटप्रमाणे वारंवारता १५० किलोहर्ट्झ. ड्यूटी (प्रत्येक चक्रात स्विच चालू असण्याचा वाटा) ५ भागिले १२, म्हणजे ०.४२. इंडक्टरमधला रिपल करंट = (१२ − ५) × ०.४२ ÷ (१५० किलोहर्ट्झ × ३३ मायक्रोहेन्री), म्हणजे साधारण ०.६ अँपिअर. आउटपुट कॅपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) ०.१ ओहम धरला तरी ६० मिलिव्होल्ट व्हायला हवेत. प्रत्यक्षात तिप्पट. आउटपुटला १००० मायक्रोफॅरड टाकून भागेल का, की एलसी फिल्टर (इंडक्टर आणि कॅपॅसिटरची गाळणी) लावू? की मॉड्यूलच बदलू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

टाका १०००, आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर. माझं तेवढ्यावर भागलंय.

प्रतिसाद

आधी काटे बाजूला काढा. प्रोबची मगरक्लिपवाली लांब ग्राउंड वायर लावून मोजलं असेल तर ते काटे बरेचसे त्या वायरच्या लूपमध्येच तयार होतात. प्रोबची टोपी काढा, टोकाच्या रिंगला स्प्रिंग किंवा उघड्या तारेचा छोटा वेढा लावा आणि थेट आउटपुट कॅपॅसिटरच्या दोन पायांवर टेका. त्यानंतर जे उरेल तेच खरं.

त्रिकोणी लहर मात्र खरी वाटते. कॅपॅसिटर टाकण्याआधी एक काम करा: चिपच्या आउटपुट पिनवर, म्हणजे जिथे डायोड आणि इंडक्टर जोडलेत तिथे, चौकोनी लहरीचा आवर्तकाळ मोजा. १५० किलोहर्ट्झला तो पावणेसात मायक्रोसेकंदांच्या आसपास हवा.

धागाकर्ता

मोजलं. स्प्रिंगने काटे जवळपास गायब, लहर १७० वर आली. आणि आवर्तकाळ १९ मायक्रोसेकंद! माझ्या स्कोपचा टाइमबेस बिघडलाय की काय म्हणून दुसऱ्या ज्ञात सिग्नलवर तपासला, तो ठीक आहे.

प्रतिसाद

मग तुमचा तिप्पट तिथेच सापडला. १९ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ५२ किलोहर्ट्झ, आणि ही एलएम२५७६ या जुन्या चिपची वारंवारता आहे. स्वस्त मॉड्यूलवर वरचं नाव २५९६ आणि आतली चिप मंद, असा प्रकार सर्रास आढळतो. पायांची मांडणी आणि १.२३ व्होल्टचा संदर्भ (ज्याच्याशी चिप आउटपुट ताडून पाहते) दोन्हींत सारखाच, त्यामुळे मल्टिमीटरला काही कळत नाही.

तुमच्याच सूत्रात १५० च्या जागी ५२ घाला. रिपल करंट १.७ अँपिअर येतो, ०.१ ओहमवर १७० मिलिव्होल्ट. १.२ अँपिअर लोडला इंडक्टरमधलं शिखर दोन अँपिअरच्या वर जातं. लोड ०.८५ अँपिअरच्या खाली गेला की इंडक्टर प्रत्येक चक्रात पूर्ण रिकामा होतो, म्हणून पट्टी मंद असताना लहरीचा आकारही बदललेला दिसेल. या वारंवारतेला ३३ मायक्रोहेन्री तोकडा आहे. १०० च्या आसपास हवा, तोही तीन अँपिअरपर्यंत सॅच्युरेट न होणारा (म्हणजे ज्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जात नाही असा).

१००० मायक्रोफॅरडबद्दल: इथे लहर ठरवतोय ईएसआर, मायक्रोफॅरड नाही. साध्या कॅपॅसिटरने थोडा फरक पडेल, कमी ईएसआरवाल्याने बराच. पण चिप अशी निघाल्यावर मी त्या मॉड्यूलवर मलमपट्टी करत बसलो नसतो.

धागाकर्ता

मॉड्यूल बदलायचं पक्कं. पण नवीन चांगलं निघालं तरी ६० मिलिव्होल्ट एचएक्स७११ ला नकोतच. एलसी कसा लावायचा? आणि ट्रिमपॉट तसाच ठेवू का?

प्रतिसाद

एलसी फक्त लोडसेलच्या फांदीवर लावा, पट्टीला त्याची गरज नाही. १० मायक्रोहेन्री आणि २२० मायक्रोफॅरड पुरे. १५० किलोहर्ट्झला त्या इंडक्टरची रिअ‍ॅक्टन्स साडेनऊ ओहमच्या आसपास, म्हणजे लहरीला तेवढा विरोध. कॅपॅसिटरचा ईएसआर ०.१ ओहम असला तरी ६० चे एक मिलिव्होल्टच्या आत येतात. एक पथ्य पाळा: रेग्युलेटरचा फीडबॅक (आउटपुट किती आहे ते चिपला कळवणारी जोडणी) फिल्टरच्या अलीकडूनच घ्यायचा, म्हणजे मॉड्यूलवर आहे तसाच राहू द्या. पलीकडून घेतला तर लूपमध्ये जादा फेज-विलंब येतो आणि सप्लाय स्वतःच डोलायला लागतो.

ट्रिमपॉट काढाच. तो फीडबॅकच्या वरच्या फांदीत असतो. आतला सरकता संपर्क कधी सुटला तर चिपला आउटपुट शून्य झाल्यासारखं वाटतं, ती पूर्ण उघडते आणि तुमच्या ५ व्होल्टच्या लाइनवर जवळजवळ १२ व्होल्ट येतात. खालचा रेझिस्टर ३३० ओहम असेल (मोजून घ्या, सगळीकडे तोच असतो असं नाही), तर वर साधा १ किलोओहम लावा: १.२३ × (१ + १०००/३३०) म्हणजे ४.९६ व्होल्ट.

धागाकर्ता

खालचा ३३० च निघाला. नवीन मॉड्यूल आलं की पट्टी जोडण्याआधी आवर्तकाळ मोजून इथेच टाकतो.