मदत हवी आहे: दोन पगार असूनही २० तारखेला खातं रिकामं, गळती कशी थांबवू?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. मोठं होईल पण सगळं सांगितल्याशिवाय चित्र कळणार नाही म्हणून लिहिते.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो, मी, नवरा आणि दुसरीतली मुलगी. माझं ऑफिस हिंजवडीला. गेल्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली, चार महिने घरी होता, आता लागलाय पण पगार आधीपेक्षा १८ हजारांनी कमी. दोघांचे मिळून हातात ९४ हजार येतात. त्यातून घराचा हप्ता ३१,५००, शाळेची फी दर तीन महिन्यांनी २२ हजार, व्हॅन २,२००, मेंटेनन्स २,८००, आणि सासूबाईंना सातारला ६ हजार पाठवतो, ते कमी करायचे नाहीत हे आधीच सांगते. म्हणजे बाकी सगळ्याला ४४ हजार राहतात, तिघांना पुरायला हवेत ना? पण २० तारखेला खात्यात दोन-अडीच हजार, आणि मग कार्ड.

गेल्या रविवारी मुलगी झोपल्यावर तिची जुनी शंभरपानी वही घेतली आणि यूपीआयची महिन्याची सगळी हिस्ट्री हाताने उतरवून काढली. २११ नोंदी. दीड वाजला. मला वाटत होतं पेट्रोल नाहीतर कपडे निघतील, तर तसं काहीच नाही. बाहेरून जेवण १७ वेळा, ७,१४० रुपये. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवरून २६ वेळा, ९,३०० रुपये, आणि यातल्या निम्म्या वेळा मी फक्त दही नाहीतर कोथिंबीर मागवायला गेले होते पण तेवढ्यासाठी डिलिव्हरी चार्ज लागतो म्हणून बिस्किटं, चीज, ज्यूस असं काहीतरी टाकत गेले. ऑटोपे १,१९०, त्यात मुलीच्या इंग्रजीचं एक ॲप आहे जे तिने दिवाळीपासून उघडलंही नाहीये.

मग तशीच उठून किचनमध्ये गेले. फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये मेथीची जुडी काळी पडलेली, कागदात गुंडाळलेली तशीच, दोरासुद्धा सोडलेला नाही. वरच्या कपाटात रव्याच्या तीन फोडलेल्या पुड्या, एकीत किडे. म्हणजे घरात आहे तेच मी परत परत विकत घेतेय. खरं सांगते, त्या मेथीकडे बघून रडू आलं, कारण ती निवडायला मला वेळ मिळाला नव्हता एवढंच.

वही नीट बघितल्यावर कळलं की १७ पैकी १४ ऑर्डरी संध्याकाळी आठ ते नऊच्या मधल्या आहेत. कंपनीची बस सव्वासहाला निघते, चांदणी चौक, वारजे करत नवले पुलापर्यंत पावणेआठ, घरात आठ. मुलगी भुकेली असते, तिचा अभ्यास बघायचा असतो, काहीच चिरलेलं नसतं, नवरा नऊला येतो. त्या एका तासात पैसे जातात. त्यामुळे 'बाहेरचं खाऊ नका' असं कृपया सांगू नका, ते मलाही कळतं. नोकरी करणाऱ्या बायकांनी (आणि पुरुषांनी पण) तो एक तास कसा बसवलाय ते सांगा.

दुसरं म्हणजे कार्ड. नोकरी नव्हती तेव्हा फी आणि किराणा कार्डावर गेला, आता ८६ हजार बाकी आहे. दर महिन्याला मिनिमम ४,३०० भरते तरी आकडा हलत नाही. बाबांनी लग्नात दिलेली १ लाख २० हजारांची एफडी आहे, पण ते गेल्यापासून तिला हात लावायची इच्छा होत नाही. काय करू?

प्रतिसाद १
ताई, आधी कार्ड, मेथी नंतर. स्टेटमेंटवर व्याजदर बघा, बहुतेक महिना साडेतीन टक्के असेल, म्हणजे वर्षाला ४२. ८६ हजारांवर महिन्याला साधारण ३,०१० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४० च्या आसपास. तुमच्या ४,३०० मधले साडेतीन हजार तिथेच संपतात, मुद्दल जेमतेम साडेसातशेने उतरतं. शिवाय जुनी बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्या दिवसापासून व्याज चालू, त्यामुळे कार्ड आजच कपाटात ठेवा.
एफडी मोडू नका, गरजच नाही. त्याच बँकेत एफडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मागा, साधारण ९० टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं. साडेआठ धरलं तरी ८६ हजारांवर महिन्याला सहाशेच्या आसपास. कार्ड एकरकमी भरून टाका आणि इकडे महिना ८ हजार भरा, अकरा-बारा महिन्यांत फिटेल. बाबांची एफडी तशीच राहते.

प्रतिसाद २
मी पण हिंजवडीचीच, कर्वेनगरला उतरते, तुमचं अगदी पटलं. मी पोळ्या करणं सोडलं आणि माझे पैसे वाचायला लागले, ऐकायला उलटं वाटेल. घराजवळच्या पोळीभाजी केंद्रातून रोज घडीच्या पोळ्या घेते, पोळी तयार असली की भाजी नसली तरी पिठलं, अंड्याची पोळी, दही-चटणी काहीही चालतं आणि ऑर्डर करायचं मनातच येत नाही. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, दोन क्यूब टाकले की उसळ होते. मटकी-मूग रात्री भिजवायचं काम नवऱ्याकडे, तुमच्याही नवऱ्याला एक काम कायमचं नेमून द्या. पालेभाजी फक्त रविवारी आणि सोमवारी खायची, नंतरच्या दिवसांना दुधी, कोबी, भेंडी, जे टिकतं ते. आणि ते दहा मिनिटांवालं ॲप मी काढूनच टाकलं, दही घरी लावते.

प्रतिसाद ३
ऑटोपेसाठी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथे सगळे मँडेट (म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या) एकत्र दिसतात, तिथूनच बंद करा. नुसतं ॲप फोनमधून काढलं तर पैसे कापणं थांबत नाही, माझे सात महिने गेलेत तसे. फीचं पण बघा, दर महिन्याला ७,५०० पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे तिसऱ्या महिन्यात धक्का बसत नाही. कांदे-बटाटे-लसूण आम्ही शेजारी तीन घरं मिळून मार्केट यार्डातून आणतो, पण त्यासाठी एकट्याने धायरीहून गुलटेकडीला जाऊ नका, पेट्रोल आणि अर्धा रविवार जातो.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एफडीवर कर्ज मिळतं हे मला खरंच माहीत नव्हतं, इतके महिने मी मोडू की नको यातच अडकले होते. आज लंच टाइममध्ये बँकेला फोन केला, एफडीची पावती आणि पॅन घेऊन या म्हणाले, शुक्रवारी हाफ डे टाकलाय. मँडेट तीन बंद केले. नवऱ्याला वही दाखवली, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला कडधान्य भिजवणं आणि सकाळी भाजी चिरून ठेवणं माझ्याकडे. काल रात्री मटकी भिजवली त्याने.

आता एकच राहिलं. धायरी, नऱ्हे किंवा वडगाव बुद्रुकच्या बाजूला घरगुती पोळ्या करून देणाऱ्या कोणी काकू माहीत असतील तर मेसेज करा प्लीज. रोज आठ पोळ्या हव्यात, सोमवार ते शुक्रवार, आणि मी आठला येता येता घेऊन जाईन.