दारातलं वृंदावन, पलीकडचे फ्लेमिंगो आणि एचओएचं पत्र

केटीकर
ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. मागच्या आठवड्यात सर्टिफाइड पोस्टानं एचओएचं, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या मंडळाचं पत्र आलं. आत आमच्याच घराचा फोटो, गाडीतून जाताजाता काढलेला, त्यावर लाल गोल. गोलात तुळशीवृंदावन. दोन फुटी, सिमेंटचं, आई आली होती तेव्हा तिनं उभं राहून गेरूच्या रंगात रंगवून घेतलेलं. पत्र म्हणतं: समोरच्या हिरवळीवर विनापरवानगी शोभेची वस्तू, मुदतीत काढा, नाहीतर दंड.

त्याच दिवशी पलीकडच्या सत्तरीतल्या बाईंनाही पत्र आलं. त्यांचे दोन गुलाबी प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो आहेत. डिसेंबरात त्यांना लाल टोप्या घालतात.

आता गंमत बघा. टेक्सासात 2011 पासून दारावर छोटं धार्मिक चिन्ह लावायची मुभा होती, 2021 च्या दुरुस्तीनं ती सगळ्या आवारापर्यंत वाढली. म्हणजे माझं वृंदावन बहुतेक वाचेल आणि बाईंचे पक्षी जातील. मला हे पटत नाही. स्वतःच्या हिरवळीत कोणी हातभर उंचीचं काय उभं केलंय यात मंडळानं पडूच नये. तुम्हाला काय वाटतं?

नियमवाली
मी डॅलसच्या बाजूला तीन वर्षं एचओएच्या बोर्डावर आहे. फुकट काम, वर शिव्या. घर घेताना क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा करताना, जो गठ्ठा सह्या करून दिलात ना, त्यात हे नियम होते. ते जमिनीला चिकटलेले असतात, घर विकलं तरी पुढच्या मालकाला लागू. न वाचता सही करायची आणि पत्र आलं की स्वातंत्र्य आठवायचं!

दोन फ्लेमिंगोंचा कोणालाच त्रास नसतो हो. आमच्याकडे एका घरापुढे बुटक्यांचे अकरा पुतळे, एक खोटी विहीर आणि आ वासलेली मगर होती. शेजारचा घर विकायला काढून बसलेला, दर रविवारी माझ्या दारात. त्या अकरांना थांबवायचं तर तुमच्या दोनांनाही पत्र जातं. माणूस बघून नियम लावला की दुसऱ्या दिवशी पक्षपाताचा आरोप.

कोथरूडकर
आमच्या सोसायटीत जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून दोन वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे तुमचं दुःख कळतं. पण जिना सगळ्यांचा असतो. हिरवळीचा कर केटीकर भरतात, गवत तेच कापतात, वाढलं तर पत्रही त्यांनाच. मग त्यावर काय ठेवायचं हे दुसरा का ठरवणार?

जुना खवय्या
आणि सहीचं एवढं कौतुक नको. याच प्रकारच्या दस्तांत एकेकाळी 'गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये' असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. लोकांनी त्यावरही सह्याच केल्या होत्या. 1948 साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असल्या अटी कोर्टानं अंमलात आणायच्या नाहीत. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानं त्या बेकायदा ठरवल्या. जुन्या दस्तांत ती ओळ अजून सापडते. 'वस्तीचा दर्जा' हा शब्द मी तेव्हापासून जरा जपूनच ऐकतो.

दर्जाचं म्हणाल तर तो फ्लेमिंगो 1957 साली डॉन फेदरस्टोननं मॅसॅच्युसेट्सच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात घडवला. कलाशाळेत शिकलेला माणूस. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसननं 2009 मध्ये याच प्लॅस्टिकच्या फ्लेमिंगोला शहराचा अधिकृत पक्षी केलं. केटीत तो हीन आणि मॅडिसनमध्ये मानाचा!

नियमवाली
माणूस हाकलणं आणि प्लॅस्टिकचा पक्षी हलवणं एकाच तराजूत घालताय? ह्यूस्टन शहरात झोनिंग, म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं हे ठरवणारा शहराचा नियम नाही, माहीत असेलच. तिथे तुमच्या शेजारी उद्या गॅरेज किंवा दारूचं दुकान येत नाही ते घराच्या दस्तातल्या याच अटींमुळे. त्या मोडल्या तर शहराचे वकीलही दावा लावू शकतात. गॅरेज अडवायला दस्त हवा आणि मगर अडवायला नको, असं कसं चालेल?

कागद बघा आधी
वाद घाला खुशाल, पण केटीकर, तुम्ही समजता तेवढे सुरक्षित नाही. धार्मिक चिन्हांच्या त्या कायद्याला अपवाद आहेत. वस्तू बिल्डिंग लाइन (जिच्या पुढे बांधकाम करायचं नाही ती रेघ), सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर) किंवा इझमेंटचा (दुसऱ्याच्या वापराचा हक्क असलेल्या पट्ट्याचा) भंग करत असेल तर मंडळ अडवू शकतं. आणि समोरची हिरवळ म्हणजे बहुतेक घरांत बिल्डिंग लाइनच्या पुढचीच जागा! क्लोजिंगच्या कागदांत सर्व्हे, म्हणजे जागेचा मोजणी नकाशा असेल, त्यावर बिल्डिंग लाइनची तुटक रेघ शोधा आणि टेप घेऊन मोजा.

दुसरं, 30 दिवसांत लेखी सुनावणी मागा. तो तुमचा हक्क आहे, मुदत टळली की गेला. नुसत्या दंडापायी घरावर जप्ती आणता येत नाही, तेव्हा झोप उडवून घेऊ नका. बाईंनाही सांगा.

तिसरं, कुतूहल म्हणून विचारतो. गोठवणारी थंडी पडली की तुळस तुम्ही आत नेत असणार. जानेवारीत ते रिकामं वृंदावन धार्मिक की शोभेचं?

केटीकर
तिसऱ्या प्रश्नावर बायको खूप हसली. हो, कुंडी गॅरेजमध्ये जाते, वॉटर हीटरशेजारी. आई फोनवर म्हणाली, रिकाम्या वृंदावनालाही दिवा लागतो. हे सुनावणीत सांगेन.

काल संध्याकाळी मोजलं. वृंदावन रेघेच्या चार फूट पुढे आहे. म्हणजे माझं आणि फ्लेमिंगोंचं नशीब एकच निघालं. खरं सांगू, थोडं बरंच वाटलं. बाई म्हणाल्या, आपण सुनावणी एकाच दिवशी मागू, त्या लिंबाचे बार करून आणतील.

नियमवालीताई, तुमची मगर मला पटली. मगरीला मी पण अडवीन. पण मग नियमात उंची आणि संख्या लिहा ना. 'शोभेची वस्तू' एवढंच लिहून ठेवलं की गाडीतून फोटो काढणारा ठरवतो मगर कोण ते.

नियमवाली
आकडे घालायला घटनेसारखी दुरुस्ती लागत नाही, पण मतं लागतात, आणि वार्षिक सभेला किती लोक येतात ते या, बघा. मागच्या वेळी कोरम भरायला मी नवऱ्याला ओढून नेलं होतं. तुमच्या सभेला तुम्ही कधी गेलात?

केटीकर
एकदाही नाही.

कोथरूडकर
आमच्याकडेही चपलांच्या ठरावाला सहाच जण होते. सहाचे सहा स्टँडवाले.