शाल-श्रीफळ सोडून काय दिलंत? (अनुभव धागा)

गुरुपौर्णिमेला शाल-श्रीफळ सगळेच देतात. ते सोडून तुम्ही शिक्षकांना काय दिलंत, नि त्यांचं तुमच्याकडे काय राहिलं? नाशिककरांनो, लिहा. सुरुवात मी करते.

दहावीच्या निरोपाला वर्गणी काढून मराठीच्या बाईंसाठी तांब्याचा तांब्या घेतला. भांडी बाजारातच नाव घालून घेतलं: 'कृतज्ञतापुर्वक, दहावी ब'. बाईंनी चष्मा चढवला, वाचलं आणि म्हणाल्या, "पू दीर्घ." मग कंपासमधलं कर्कटक मागून घेतलं, ऱ्हस्व उकारावर काट मारली नि शेजारी दीर्घ कोरला. परवा गेले तर तांब्या ओट्यावरच, चिंचेने घासून लखलखीत. अक्षरं झिजलीत, काट मात्र दिसते. आमच्यात कुणाचीही लग्नपत्रिका छापायची असली की प्रूफ माझ्याकडे येतं.

*

आमचं दुकान सराफ बाजारात. भूगोलाचे सर सांगायचे, "गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघत बसू नका, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते विचारा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, आपल्या दोन बादल्या." ऑगस्ट २०१६ मध्ये विसर्गाचा आकडा कळला, मी मनात दुप्पट केली नि माल माळ्यावर चढवायला घेतला. शेजारी हसले. नंतर मारुती बुडाला, तेव्हा कुणी हसत नव्हतं. सरांकडे पेढे नेले ते बादलीतूनच. झाकण न उघडताच विचारतात, "किती लिटरची रे?"

*

सगळं गोड चाललंय म्हणून लिहितो. मला गणिताच्या सरांची पट्टीच आठवते. एकोणिसाचा पाढा म्हणताना आजही हात मागे जातो. मुलगी शिक्षिका झाली, तिची पट्टी फक्त समास आखायला. हेही त्यांचंच देणं म्हणायचं का?

*

दिंडोरीहून. द्राक्षबाग विकून नोकरी धरणार होतो, जीवशास्त्राच्या सरांनी थांबवलं. ऑक्टोबर छाटणी झाली की अजून फोन येतो, "काडीवर किती डोळे ठेवलेस?" पहिली पेटी त्यांच्या घरी जाते. रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून पेटीतून कधी पुस्तक येतं, कधी काकूंचं लोणचं. यंदा माझीच नववीची प्रयोगवही आली, इतकी वर्षं सांभाळलेली! द्राक्षाच्या पानाच्या आकृतीखाली लाल शाईत शेरा: 'शिरा मोजल्या का?'

काल बागेत जाऊन मोजल्या सर. मुख्य पाच.