परदेशात जाऊन गरजू पोरांना कोडिंग, डिझाइन शिकवणं: तीन आठवड्यांची ट्रिप नक्की कोणाच्या कामाची?

धागालेखक
आयटीतले बरेच जण हल्ली विचारतात की सुट्टी काढून परदेशात गरीब वस्तीतल्या नाहीतर निर्वासित छावणीतल्या टीनएजर पोरांना कोडिंग, डिझाइन शिकवायचंय, संस्था सुचवा. माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर जाऊ नका. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, राहणं, वर संस्थेची फी, एवढ्या पैशांत तिथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला काही महिने पगार देता येतो. ती व्यक्ती पोरांच्या भाषेत शिकवेल आणि पुढच्या सोमवारीही वर्गात असेल.

तीन आठवड्यांत होतं काय? पहिला आठवडा पासवर्ड, वायफाय आणि बंद पडलेले लॅपटॉप यातच जातो. दुसऱ्यात वेबपान बनवायचे एचटीएमएलचे टॅग, एक बटण, त्याचा रंग बदलला की पोरं खूश. तिसऱ्यात जावास्क्रिप्ट या भाषेतलं फंक्शन (एका नावाखाली बांधलेल्या सूचना) सुरू होतंय न होतंय तोच सर्टिफिकेटं आणि ग्रुप फोटो. आता फंक्शन आणि लूप (तेच काम परत परत करवणं) इथेच तर सगळे अडकतात, आणि नेमका तेव्हाच शिकवणारा एअरपोर्टवर!

गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप द्यायचं 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' आठवतंय ना? २००५ मध्ये जाहीर झालं, १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणून केवढा गाजावाजा झाला. पेरू देशाने ८ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आला तर गणित आणि भाषेच्या मार्कांत काही फरक नाही. मशीन पोचलं, पण रोज शिकवणाऱ्या माणसाची पुरेशी तयारी कोणी करून घेतली नाही.

प्रतिसाद १
असहमत. त्याच अभ्यासात मुलांच्या सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली होती, ते का सोडलंत?

आणि पैशांचा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण जो माणूस तिकीट काढायला तयार असतो तो तेवढीच रक्कम कुठल्यातरी अनोळखी शिक्षकाच्या पगारासाठी पाठवेलच असं नाही, बहुतेक जण नाहीच पाठवत. तो तिथे जाऊन आला, पोरांना भेटला, की मग मात्र वर्षानुवर्षं मदत करत राहतो.

दुसरं म्हणजे समोर माणूस असणं. मुलींच्या वर्गात एक बाई उभी राहते, स्वतः लिहिलेला कोड चालवते, तो चालत नाही. ती घाबरत नाही, कन्सोल (ब्राउझरमधली चुका दाखवणारी खिडकी) उघडते, लाल अक्षरातली एरर मोठ्यांदा वाचते, ओळ नंबर बघते, राहिलेला कंस टाकते, पान उघडतं. एरर आली म्हणजे आपण ढ आहोत असं नसतं हे पोरींना त्या पाच मिनिटांत दिसतं. एडिट केलेल्या व्हिडिओत हे दिसत नाही हो, तिथे सगळं पहिल्याच झटक्यात चालतं.

प्रतिसाद २
धागालेखकांशी सहमत, उलट ते फारच सौम्य बोलतायत. १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की तिथे मदत करायला येऊ नका. तेव्हापासून आपण काय शिकलो? कंबोडियात परदेशी व्हॉलंटियर आणि देणगीदार येतात म्हणून अनाथालयं वाढली आणि आतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करीही त्यात धरली गेली. कोडिंगचा वर्ग म्हणजे अनाथालय नाही मान्य, पण अल्पवयीन मुलांसोबत अनोळखी माणूस रोज बसणार आणि संस्था त्याची पोलीस पडताळणीसुद्धा मागणार नाही, टुरिस्ट व्हिसावर या म्हणणार, तर तिथे पाऊल टाकू नये. कितीतरी देशांत बिनपगारी काम केलेलंही टुरिस्ट व्हिसावर चालत नाही.

प्रतिसाद ३
तत्त्वाचं सोडा, शिकवणार काय ते बोला की. या पोरांकडे फोन असतो, लॅपटॉप नसतो. फोनच्या कीबोर्डवर महिरपी कंस टाकायला दोनदा पानं बदलावी लागतात, दहा ओळींत पोरगं वैतागतं. मग एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर घ्या, एका कॉम्प्युटरवर चौघांनी कोड टाइप न करता सूचनांचे तयार ठोकळे जोडायचे आणि ॲप आपापल्या फोनवर चालवून बघायचं. नेट नसेल तर स्क्रॅच (तसंच ठोकळ्यांचं कोडिंग) ऑफलाइन चालतं, धडे-व्हिडिओ दाखवणारं कोलिब्री तर नेटशिवायच वापरण्यासाठी बनवलंय.

डिझाइनला फिग्मासारखं ऑनलाइन सॉफ्टवेअरच कशाला, तेही रडतखडत चालणाऱ्या नेटवर? कागद-पेन्सिल घ्या. जवळच्या दवाखान्याच्या वेळांचा फलक पोरांनाच नव्याने करायला सांगा, दहा लोकांना दाखवा, कोण कुठे अडखळतं ते लिहून घ्या, परत करा. डिझाइनचा गाभा यातच आला. आणि हे तिथली शिक्षिका तुम्ही गेल्यावरही घेऊ शकते, कुठलं लायसन्स लागत नाही.

धागालेखक
@प्रतिसाद १, ती सुधारणा मला मान्यच आहे, पण ती लॅपटॉप वर्षाहून जास्त काळ वापरात राहिल्यावरची आहे, म्हणजे मुद्दा परत टिकण्यावरच येतो. कोडरडोजो हे कोडिंग क्लबांचं जाळं २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला सुरू झालं, ७ ते १७ वयाच्या मुलांना फुकट, आणि ते इतक्या देशांत पसरलं कारण प्रत्येक ठिकाणी शिकवणारे त्याच गावचे. १९६१ पासून चालू असलेली अमेरिकी सरकारची स्वयंसेवक संस्था पीस कोअर बघा, दोन वर्षं द्यावी लागतात आणि आधी साधारण तीन महिने भाषेसकट ट्रेनिंग. असं जाणार असाल तर माझा काही विरोध नाही.

प्रतिसाद १
दोन वर्षं कोण देणार? घरी म्हातारे आईबाप, लोन, नोकरी असलेल्या माणसाला तुम्ही थेट बादच करताय. मी म्हणतो तीन आठवडे जा, पण पोरांना शिकवायला म्हणून जाऊ नका, तिथल्या दोन शिक्षकांना शिकवा. वर्ग त्यांनीच घ्यायचा, तुम्ही मागच्या बाकावर. परत आल्यावर दर आठवड्याला एक तास व्हिडिओ कॉल, निदान वर्षभर. प्रतिसाद ३ मधला फलकाचा प्रकार यात फिट बसतो.

प्रतिसाद २
हे पटतंय, पण मग तीन आठवडे तरी कशाला, कॉल पहिल्या दिवसापासून करा की. आणि ज्यांना जायचंच आहे त्यांनी फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा, मी निघाल्यावर हा वर्ग कोण घेणार, त्या माणसाशी आत्ता माझं बोलणं करून द्या. टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था शोधा.

प्रतिसाद १
कॉलवर फक्त स्क्रीन दिसते. शिक्षक कुठे गांगरतो, मागच्या रांगेतलं कोण तासभर गप्प बसलंय, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. तुमचा प्रश्न मात्र जरूर विचारावा, त्यावर आपलं एकमत आहे.